चालीवरचा दावा

यूट्यूबवरच्या सव्वातीन मिनिटांच्या एका विडंबनगीतावर लागलेला कॉपीराइटचा दावा उठवून घेण्यासाठी मला पाच आठवडे लागले. त्या काळात मी काय वाचले, काय चुकीचे लिहिले आणि ते कसे दुरुस्त केले, हे येथे सविस्तर मांडते आहे. विडंबनाचे व्हिडिओ करणारे माझ्या ओळखीतले बहुतेक जण दाव्याची मेल आली की घाबरून व्हिडिओ उतरवतात, किंवा जाहिरातीचे पैसे मुकाट्याने समोरच्याला जाऊ देतात, आणि त्यांतल्या कित्येकांना तसे करण्याची गरज नसते.

मात्र आधी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या वाहिनीवर आलेला अगदी पहिला दावा पूर्णपणे बरोबर होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आम्ही एक गाणे रचले होते आणि त्यासाठी एका गाजलेल्या चित्रपटगीताचा कराओके ट्रॅक नेटवरून उतरवून घेतला होता. शब्द आमचे आहेत, मग हरकत कोणाची, असे आम्हाला वाटत होते. परंतु एका गाण्यात निदान तीन हक्क एकावर एक बसलेले असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. आम्ही शब्द बदलले होते, चाल जशीच्या तशी ठेवली होती, आणि ट्रॅक तर कोणाच्या तरी स्टुडिओत, कोणाच्या तरी पैशाने वाजवलेला होता. शिवाय त्या गाण्याबद्दल आम्हाला काहीच म्हणायचे नव्हते. आमचा राग महापालिकेवर होता आणि चाल फक्त वाहन म्हणून वापरली होती. तो दावा आम्ही मान्य केला आणि व्हिडिओ काढून टाकला.

दुसऱ्या व्हिडिओची गोष्ट वेगळी होती. साठच्या दशकातले एक भावगीत आम्ही घेतले. त्यात नायक चांदण्यात उभा राहून येण्याचे वचन दिलेल्या प्रियेची वाट पाहतो. आमचा नायक त्याच आर्जवाने, त्याच लांबवलेल्या स्वरांत बिल्डरची वाट पाहतो, कारण पुनर्विकासासाठी घर रिकामे करून दोन वर्षे झाली आहेत आणि भाड्याचे धनादेश थांबले आहेत. या वेळी ट्रॅक कोणाचाच नव्हता. माझ्या मैत्रिणीने पेटी वाजवली, खिडकीला गादी लावून आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या समेवर शेजारच्या कुकरने शिटी दिली, ती इतकी नेमकी पडली की आम्ही ती तशीच ठेवली. व्हिडिओ चढवला आणि तपासणीच्या टप्प्यावरच दावा आला. कंटेंट आयडी नावाची यूट्यूबची जी यंत्रणा 2007 पासून चालू आहे, ती केवळ मूळ ध्वनिमुद्रण ओळखते असे नाही, ती चालही ओळखते. आमच्या बेसूर पेटीतून तिने ती बरोबर ओळखली, याचा मैत्रिणीला थोडा अभिमानच वाटला.

येथे दोन गोष्टींतला फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण लोक नेमके येथेच गोंधळतात. कंटेंट आयडीचा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. दाव्यात हक्कधारक व्हिडिओ अडवू शकतो, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घेऊ शकतो किंवा नुसता त्यावर लक्ष ठेवू शकतो, आणि वाहिनीच्या खात्यावर त्याचा डाग पडत नाही. स्ट्राइक लागतो तो व्हिडिओ काढण्याची रीतसर कायदेशीर मागणी झाली तर, आणि नव्वद दिवसांत असे तीन लागले तर वाहिनी बंद होऊ शकते. आमच्यावर आला होता तो पहिल्या प्रकारचा, पैसे घेणारा दावा. ज्या संगीत कंपनीने तो केला तिचे नाव येथे लिहीत नाही.

त्याच रात्री मी हरकतीच्या रकान्यात लिहिले: ‘आम्ही कोणाचेही गाणे चोरलेले नाही. हा व्हिडिओ केवळ मनोरंजनासाठी आहे. मूळ कवी व संगीतकार यांना वर्णनात श्रेय दिले आहे.’ पाठवण्याआधी मी तो मजकूर वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावाला दाखवला. तो म्हणाला, “अगं, हा खुलासा आहे की माफीनामा? यात तुझ्या बाजूचं एकही वाक्य नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही, मनोरंजन हा काही बचाव नाही, आणि चोरी नव्हे म्हणजे मग काय, हे मी सांगितलेच नव्हते. ‘गाणे जुने आहे’ असेही मला लिहायचे होते, पण तेही अर्धवटच ठरले असते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणून 1964 पर्यंतची मुद्रणे 2025 च्या सुरुवातीपर्यंत मुक्त झाली. पण कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, आणि आमच्यावरचा दावा होता तो चालीचा.

मग या मावसभावाने, म्हणजे दादाने, कायदा समोर ठेवला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्दच नाही. कलम 52 मध्ये ‘फेअर डीलिंग’चा, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या रास्त वापराचा, अपवाद आहे, आणि त्यात खासगी वापर, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन एवढेच हेतू मोजून दिले आहेत. विडंबनकाराला उभे राहायचे असेल तर ‘टीका’ या एका शब्दावर उभे राहावे लागते. त्याला आधार आहे केरळ उच्च न्यायालयाच्या 1996 च्या सिविक चंद्रन खटल्याचा. एका प्रसिद्ध मल्याळी राजकीय नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकात मूळ नाटकातली पात्रे आणि संवाद बरेच घेतले होते, तरी न्यायालयाने तो वापर टीकेसाठी झालेला मानला. किती घेतले, कशासाठी घेतले आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता आहे का, हे तीन प्रश्न त्या निकालात विचारलेले आहेत. माझ्या मते हरकत लिहिणाऱ्याने हे तीन प्रश्न कागदावर काढून त्यांची उत्तरे आधी स्वतःला द्यावीत.

परदेशात वाट थोडी रुंद आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2014 पासून विडंबनाला कायद्यात नावानिशी जागा आहे, कॅनडात 2012 पासून विडंबन आणि उपहास दोन्हींना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या खटल्यात सांगितले की व्यावसायिक विडंबनही ‘फेअर यूज’, म्हणजे तिकडच्या कायद्यातला रास्त वापर, ठरू शकते. पण त्याच निकालात एक रेघही ओढली. मूळ कृतीवरच भाष्य करणाऱ्याला त्या कृतीतून काही उचलण्याचे कारण असते. दुसऱ्याच कशाची टर उडवण्यासाठी ती कृती वापरणाऱ्याला मात्र ती का घेतली याचे समर्थन करावे लागते.

हा फरक मराठी वाचकाला नवा नाही. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, आपल्या काळातल्या कवींचे विडंबन केले तेव्हा त्या कवींची लकब, त्यांचे लाडके शब्द आणि त्यांचा आवच त्यांचे लक्ष्य होते. गणपतीच्या मंडपात लोकप्रिय चालीवर पाणीटंचाईचे गाणे म्हणतात, तेव्हा त्या चालीला कोणी काही म्हणत नसते. आपण दोन्हींना विडंबनच म्हणतो, पण दाव्याच्या उत्तरात दोन्हींचे वजन सारखे नसते. मार्च 2025 मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांच्या मुंबईतल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओवर टी-सीरीज या संगीत कंपनीचा दावा आला, तेव्हा विडंबन आणि उपहास कायद्याने फेअर यूजमध्ये येतात असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. राजकीय उपहासाला मोकळीक असावी या मताची मीही आहे. तरी त्यांनी केले तसे, चित्रपटगीताच्या चालीवर राजकारण्याची टर उडवणे हे रेघेच्या अवघड बाजूचे प्रकरण आहे, आणि भारतीय कायद्यात ते एका वाक्यात सुटत नाही.

म्हणून नवा मजकूर लिहिताना बिल्डर मी मागे ठेवला आणि भावगीत पुढे आणले. मी लिहिले की हा व्हिडिओ त्या गीतातील अंतहीन, निष्क्रिय प्रतीक्षेच्या भावनेवर टीका करतो. तीच आर्जवी वृत्ती थकलेल्या भाड्यासमोर ठेवली की ती हास्यास्पद कशी होते, हे दाखवणे हा त्याचा हेतू आहे. त्यासाठी मुखडा आणि एका अंतऱ्याची चाल घेतली आहे, कारण एवढी घेतल्याशिवाय श्रोत्याला मूळ गीत आठवणार नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा एकही क्षण वापरलेला नाही, शब्द सगळे नवे आहेत, आणि मूळ गीत ऐकू इच्छिणारा माणूस त्याऐवजी आमचे गीत ऐकत बसणार नाही. शेवटचे वाक्य लिहिताना पेटी आणि कुकर आठवून हसू आले, पण तो मुद्दा गंभीर आहे.

दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत नोंदवली तर पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातीचे उत्पन्न निकालापर्यंत बाजूला ठेवले जाते. मी दुसऱ्या दिवशीच नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, आणि त्याने काहीच केले नाही तर दावा आपोआप गळून पडतो. आमच्या बाबतीत तेविसाव्या दिवशी उत्तर आले: दावा कायम. कारण दिलेले नव्हते. हरकतीचा पहिला निर्णय दावा करणाराच देतो, ही या व्यवस्थेतली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. वादी आणि पहिल्या पायरीचा न्यायाधीश एकच.

यापुढची पायरी अपिलाची, आणि तेथे खरी जोखीम सुरू होते. अपील नाकारायचे असेल तर समोरच्याला सात दिवसांत व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करावी लागते, म्हणजे आपल्यावर स्ट्राइक येतो. त्यावरही लढायचे तर प्रतिसूचना, म्हणजे त्या मागणीला रीतसर कायदेशीर उत्तर, द्यावी लागते. तीत खरे नाव आणि पत्ता लिहावा लागतो, तो समोरच्याला कळतो, आणि अमेरिकेतल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. त्यानंतर कामाच्या दहा दिवसांत समोरच्याने न्यायालयात दाद मागितल्याचे दाखवले नाही, तर व्हिडिओ परत येतो. हे सगळे समजल्यावर मी सहा दिवस काहीच केले नाही. दोन खोल्यांच्या घरात बसून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाची भीती बाळगणे हास्यास्पद आहे हे कळत होते, तरी झोप लागत नव्हती. धीर दिला तो एका आकड्याने. यूट्यूबच्याच अहवालानुसार 2021 च्या पहिल्या सहामाहीत 72 कोटींहून अधिक दावे झाले, हरकती केवळ 22 लाखांच्या आसपास आल्या, आणि त्यांतल्या सुमारे 60 टक्के हरकतींचा निकाल व्हिडिओ चढवणाऱ्याच्या बाजूने लागला. शिवाय आमच्या वाहिनीवर एकही स्ट्राइक नव्हता, म्हणजे एक लागला तरी घर बुडणार नव्हते. सातव्या दिवशी मी तोच मजकूर, एकही विशेषण न वाढवता, अपिलात पाठवला.

पाचव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. त्याचेही कारण दिलेले नव्हते. जाहिरातीचे जे पैसे हाती आले, त्यांत आम्हा दोघींची मिसळ झाली, तीही एक्स्ट्रा पावाशिवाय.

परवा त्याच व्हिडिओवर त्याच चालीसाठी एका दुसऱ्याच कंपनीचा दावा आला आहे. एका चालीचे हक्क दोघांकडे कसे, हे मी दादाला विचारले, तेव्हा प्रदेशानुसार आणि वाट्यानुसार हक्क विकले जातात असे तो म्हणाला, आणि जुना मजकूर जपून ठेवला आहेस ना, असेही त्याने विचारले. ठेवला आहे. पाचांपैकी दोन दिवस गेले आहेत, आज रात्री तो पाठवते.