हलवून खुंटा

माजी विद्यार्थिनीचे मनोगत (दहावी, १९९४)

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं प्रकरण तपासत होते. “मॅडम, शाळेच्या आठवणींवर दोन-तीन पानं लिहून द्या.” हा ‘मॅडम’ म्हणणारा माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, नववीत माझ्या वेणीला खडू बांधणारा. अमृतमहोत्सवाने माणसाला बरंच सभ्य केलं आहे.

समोरच्या प्रकरणात त्या विद्यार्थ्यानं आपलं म्हणणं अठ्ठावीस पानं मांडलं होतं आणि त्याच्या विरुद्ध मत असलेल्या सगळ्यांना शेवटच्या अर्ध्या पानात उरकलं होतं. ‘काही अभ्यासकांचे मत वेगळे आहे, परंतु ते ग्राह्य वाटत नाही.’ मी समासात नकळत लिहून गेले, “तो असं म्हणते का?” विद्यार्थी पुण्याचा. त्याला वाटलं मॅडमची व्याकरणाची चूक झाली. ते वाक्य माझं नव्हे, आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचं आहे, आणि ते वऱ्हाडीतच म्हणायचं असतं.

आमची नववीची सहल लोणारला गेली होती. एसटीच्या दोन गाड्या, डब्यात तिखटाच्या पुऱ्या. विवराच्या काठावर उभं राहिलं की आपण किती लहान आहोत ते कळतं: जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद वाटी आणि तळाशी हिरवट पाणी. आम्ही कमळजादेवीपर्यंत खाली उतरलो. सरांनी एका पोराचा हळद लागलेला रुमाल पाण्यात बुडवायला लावला. डाग लालभडक झाला. पाणी खारट आहे एवढंच नाही, ते अल्कधर्मी आहे, हे कुणाला पाठ करावं लागलं नाही.

वर मोठ्या मारुतीच्या देवळात गेलो. मूर्तीचा दगड चुंबकीय आहे, तो आकाशातून पडलेल्या उल्केचाच तुकडा आहे, असं तिथले लोक सांगत. सरांनी प्रयोगशाळेतली होकायंत्राची डबी सोबत आणलीच होती. सुई हलली. आम्ही ओरडलो, झालं, उल्काच! सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच डबी घेऊन त्यांनी आम्हाला शाळेमागच्या टेकडीवर नेलं आणि एका काळ्या दगडावर ठेवली. सुई तिथंही हलली. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतंच. म्हणजे सुई हलली हे खरं. तिच्यावरून उल्का ठरली, हे मात्र खोटं.

शनिवारी शेवटच्या तासाला वाद ठेवला. लोणार कशानं झालं, ज्वालामुखीनं की उल्केनं? मी पक्की उल्केच्या बाजूची, म्हणून सरांनी मला ज्वालामुखीकडे ढकललं. मी चिडून उभी राहिले आणि ज्वालामुखीवाल्यांना जितकं मूर्ख दाखवता येईल तितकं दाखवलं. वर्ग हसला. सर म्हणाले, “तो असं म्हणते का गं? तू त्याच्या बाजूनं बोलून नाही राहिली, त्याची नक्कल करून राहिली. खाली बस.”

मग त्यांनी नियम घातला. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच पुढे जायचं. आणि सांगताना पहिल्या तीन वाक्यांत ‘पण’ आला तर बाद. करून पाहा कधी. तीन वाक्यं ‘पण’शिवाय दुसऱ्याचं म्हणणं सांगणं म्हणजे तोंडात गरम भजं धरून बसणं आहे.

पुढच्या शनिवारी मी नीट तयारी करून गेले. आजूबाजूला शेकडो किलोमीटर सगळा लाव्ह्याचाच खडक आहे. ज्या मुलखात इतका ज्वालामुखी होऊन गेला तिथल्या खड्ड्यासाठी आकाशाकडे कशाला बघायचं? मोठा लोखंडी गोळा तिथं कुणाला सापडला आहे? एकोणिसाव्या शतकात शिकलेली माणसंही याला ज्वालामुखीचंच मानत होती. बोलता बोलता मला घाम फुटला, कारण ते मलाच पटायला लागलं होतं. पलीकडच्या बाजूची मैत्रीण गप्प झाली. तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं: १९७३, मास्केलिनाइट. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड आघात झाला की तो न वितळताच काचेसारखा होतो. लोणारच्या तळाखालून काढलेल्या खडकात ती काच सापडली. इतका दाब ज्वालामुखीच्या हातचा नाही. माझी बाजू पडली; पण कुठल्या दगडावर पडली ते मला नेमकं माहीत होतं. आधीच्या आठवड्यात नुसतीच हसण्यावारी पडली होती.

हीच गोष्ट संस्कृतच्या बाईंनी वेगळ्या वाटेनं सांगितली. शास्त्रग्रंथात आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, येतो, मग सिद्धांत, म्हणजे आपलं. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचं, म्हणजे त्यांच्या विरोधी मतवाल्यांचं, म्हणणं असं मांडलंय की मध्येच पान उघडणाऱ्याला आचार्य सांख्यच वाटावेत. त्याच भाष्यात, परमतांचं खंडन सुरू करण्याआधी, आचार्य स्वतःवरच आक्षेप घेतात: आपली बाजू मांडली की पुरे, दुसऱ्याचं मत खोडून उगाच वैर कशाला ओढवून घ्यायचं? आणि मग त्यालाही उत्तर देतात. ‘स्थूणानिखनन’ हा शब्द बाईंनी लिहिला तेव्हा कुणाला कळला नाही. ‘हलवून खुंटा बळकट’ म्हटल्याबरोबर शेतकऱ्यांची सगळी पोरं हसली. बैलाचा खुंटा ठोकताना हलवत हलवतच ठोकतात. हलवला नाही तर रात्री बैल उपटून नेतो.

आता माझी फजिती सांगते. हे सगळं शिकून मी भूशास्त्रात गेले, पीएच.डी. केली, महाविद्यालयात शिकवायला लागले आणि २०१२ साली एका नियतकालिकाकडे लोणारवर निबंध पाठवला. विषय होता विवराच्या काठावरच्या घळी: त्या कशा क्रमानं पडल्या आणि काठ किती वेगानं झिजतोय. वेग काढायला विवराचं वय लागतं. तेव्हा मळलेली वाट होती सुमारे ५२ हजार वर्षांची. आघातात तयार झालेल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं ते वय काढलेलं होतं. मात्र २०११ साली आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे खडकात काळाबरोबर साठत जाणारा आर्गॉन वायू मोजून, दुसरं वय प्रसिद्ध झालं होतं, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. जवळजवळ अकरा पट.

मी काय केलं असेल? शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की अलीकडे अधिक वय सुचवले गेले आहे, तथापि मूळ बेसॉल्टमधील जुना आर्गॉन काचेत उरल्याने ते फुगलेले असावे. माझ्या मते फार हुशारीचं वाक्य. आक्षेप खोटाही नव्हता. साडेसहा कोटी वर्षांच्या खडकातून काच झाली तर जुना आर्गॉन मागे राहू शकतो.

निबंध परत आला. परीक्षकाचं नाव अर्थातच नव्हतं. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मराठीत अर्थ एवढाच: लेखिकेनं तो निबंध सारांशापलीकडे वाचलेला दिसत नाही, कारण उरलेल्या आर्गॉनचा प्रश्न त्या लोकांनी स्वतःच उपस्थित केलाय आणि तो वेगळा काढायचा हिशेबही दिलाय. मी खरंच सारांशच वाचला होता. तीन दिवस मी त्या अनोळखी माणसाला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी कानात वाजलं, “तो असं म्हणते का?”

मग बसले. दोन्ही बाजू सरांच्या नियमानं लिहून काढल्या, ‘पण’ न घालता. जास्त वयवाल्यांचा हिशेब समजायला मला दोन आठवडे लागले. कमी वयाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला वाटायचा तो विवराच्या ताजेपणाचा: काठ अजून टोकदार, बाहेर फेकला गेलेला दगडगोटा अजून जागेवर. जास्त वयवाल्यांच्या जागी बसून पाहिलं तेव्हा दिसलं की ताजेपणा हे घड्याळ नव्हे. कठीण खडक आणि कमी पाऊस असेल तर काठ पुष्कळ काळ तग धरू शकतो. उलट माझ्याच बाजूच्या पद्धतीत एक खोट निघाली. थर्मोल्युमिनेसन्समध्ये खनिजात अडकलेले इलेक्ट्रॉन मोजायचे असतात, आणि बेसॉल्टमधल्या काही फेल्डस्पारमधून ते हळूहळू निसटतात. निसटले की वय कमी दिसतं. जे बोट मी त्यांच्या आर्गॉनकडे दाखवत होते ते माझ्याकडेही वळत होतं. त्यांच्यात आधीचं काहीतरी उरतं, माझ्यात आताचं काहीतरी गळतं.

निबंध आकारानं वाढला आणि दाव्यानं आटला. घळींचा क्रम वयावर अवलंबून नव्हता, तो जसाच्या तसा राहिला. झिजण्याचा वेग मात्र एका आकड्याऐवजी दोन आकड्यांत द्यावा लागला. वयाचा वाद शेपटातून उचलून पद्धतीच्या आधी आणला, कारण वाचकानं वेगाचे आकडे बघण्याआधीच त्याला ठाऊक हवं की त्यांचा पाया डळमळीत आहे. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “विरोधकाला इतकी जागा द्यायची असते का? वाचकाला तुमचंच मत कच्चं वाटेल.” असा सल्ला बरेच मार्गदर्शक देतात. मला तो बुजगावण्याचा सल्ला वाटतो. विरोधकाला चिंध्या घालून उभा करायचा आणि मग त्याला हरवल्याचा आव आणायचा. पाखरं फसतात, परीक्षक क्वचितच.

त्या दोन आठवड्यांत मी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाचा १८९६ सालचा निबंध पुन्हा वाचला. ॲरिझोनातल्या कून ब्यूट नावाच्या खड्ड्यावर तो १८९१ मध्ये गेला, उल्केची शक्यता मनात धरून. दोन कसोट्या लावल्या. जमिनीखाली लोखंडी गोळा गाडला गेला असेल तर होकायंत्राची सुई वळेल. आणि गोळ्यानं आत जागा अडवली असेल तर काठावरचा माल खड्ड्यात परत भरला तरी तो उरेल. सुई वळली नाही; माल बरोबर खड्ड्याएवढाच निघाला. त्यानं निमूटपणे लिहिलं की उल्का नव्हे, वाफेचा स्फोट. तरी तिथं थांबला नाही. एका परिचितानं सुचवलेला आक्षेपही त्यानं नोंदवला: उल्का मुख्यतः दगडाची असेल आणि लोखंड तिच्यात तुकड्यातुकड्यांनी असेल तर या दोन्ही कसोट्या लटक्या पडतात.

तो खड्डा आज मेटिऑर क्रेटर म्हणून ओळखला जातो. तिथं १९६० साली कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली होणारं खनिज सापडलं आणि आघाताची बाजू पक्की झाली. उल्केचा बराचसा भाग धडकेतच वितळून-वाफ होऊन गेला होता, म्हणून गाडलेला गोळा नव्हताच. गिल्बर्ट चुकला. तरी त्याचा निबंध मी आजही मुलांना वाचायला देते. तो चुकला तो कोणत्या गृहीतापाशी, ते त्याच्याच पानावर दिसतं. होकायंत्राचा भाग आला की मला शाळेमागची टेकडी दिसते आणि मी थोडी लांबण लावते. मुलं सोसून घेतात.

माझा निबंध दुसऱ्या खेपेला स्वीकारला गेला. त्याची एक छापील प्रत मी सरांना पाठवली. तेव्हा ते निवृत्त होऊन गावाकडे राहायला गेले होते, डोळ्यांनी जरा अधू झाले होते. महिन्याभरानं प्रत टपालानं परत आली. सोबत पत्र नव्हतं. चौथ्या पानावर, जास्त वयवाल्यांची बाजू मी जिथं मांडली होती तिथं, तिसऱ्या वाक्यातल्या ‘हाउएव्हर’भोवती शिसपेन्सिलीचं वर्तुळ होतं. समासात एकच शब्द: “घाई.”