थोरलीचं शेवटचं सेमिस्टर

आमच्या घरात मुलांची कागदपत्रं माझ्या ताब्यात असतात. दिरांच्या दोन मुली आणि माझा एक मुलगा, अशा तीन फायली. दहावीनंतर त्या फुगायला लागल्या. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्सचे गठ्ठे. अर्जाला लावून उरलेले फोटोही मी फेकत नाही. थोरलीच्या फाइलमध्ये दोन वेण्या आणि रिबिनीपासून आताच्या ओढणीतल्या फोटोपर्यंत सगळे चेहरे आहेत.

थोरली माझी पुतणी, मला मोठीआई म्हणते. कोल्हापूरला कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. ॲग्रीच्या आठव्या सेमिस्टरला आहे. घरातली पहिली पदवीधर मुलगी व्हायला आता थोडेच दिवस उरलेत.

तिची दहावी 2020 ची. भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण मिळाले. मधल्याची, म्हणजे माझ्या मुलाची दहावी त्याच्या पुढच्याच वर्षी. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववी-दहावीच्या शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. आमच्याच घरात पेढा खाता खाता लोक म्हणायचे, "परीक्षा न देताच पास!" मला ते फार लागायचं. घरात एक स्मार्टफोन, त्यावर सकाळी एकाचा तास, दुपारी दुसऱ्याचा, आणि रेंजसाठी माळवदावर बसलेली पोरं मी पाहिली होती. अभ्यास नव्हता कसं म्हणायचं? मधला पुढे डिप्लोमाला गेला आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्याची पदवी पुढच्या वर्षी.

थोरलीचं तिसरं वर्ष सुरू होताना, 2024 च्या जुलैत, सरकारचा निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी निम्मी माफी होती. कॉलेज सरकारी, त्यामुळे रक्कम काही फार मोठी नव्हती. पण दोन मुलींच्या बापाला त्या दिवशी किती हायसं वाटलं, ते मी पाहिलंय. भाऊजी रात्री जेवताना दोनदा म्हणाले, "आता धाकटीचंही होईल."

सातव्या सेमिस्टरला या मुलामुलींना गावात राहायला पाठवतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव. मुलींना कृषिकन्या म्हणतात, मुलांना कृषिदूत. शेतकऱ्यांच्या घरी जायचं, मातीचे नमुने घ्यायचे, देवळासमोर रांगोळीनं अख्ख्या गावाचा नकाशा काढायचा, प्रात्यक्षिकं करून दाखवायची. थोरलीला पन्हाळा तालुक्यातलं गाव मिळालं होतं. एका रविवारी डबा घेऊन मी आणि आबा, म्हणजे माझे सासरे, तिला भेटायला गेलो. तिथे बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या औषधाचं, प्रात्यक्षिक चाललं होतं.

एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, मग एकत्र करायचं, आणि भांडं प्लॅस्टिकचं घ्यायचं, लोखंडाचं नाही. तिनं बादलीत विळा बुडवला, वर काढून सगळ्यांना दाखवला. "पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला." बायका पुढे सरकून बघत होत्या. तिला मॅडम म्हणत होत्या. लहानपणी पाहुणे आले की माझ्या पदराआड जाणारी ही पोर, आणि आता वीस-पंचवीस माणसांसमोर तिचा आवाज जराही हलत नव्हता.

आबा मागे बसले होते. पन्नास वर्षं शेती केलेला माणूस. त्यांनी हात वर केला. "मॅडम, उरलेलं उद्या मारलं तर चालंल का?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, हसली नाही. "नाही आबा. ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी संपवायचं."

परतीच्या एसटीत आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगी नीट सांगते." आबांच्या तोंडून एवढं कौतुक मी लग्नानंतर कुणाचंच ऐकलेलं नाही, त्यांच्या दोन्ही मुलांचंसुद्धा नाही.

धाकटी आता अकरावीला. तिच्या वेळी अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. भाग एक, भाग दोन, दहा कॉलेजांची पसंती. तो अर्ज थोरलीनं आणि मी मिळून भरला, भाऊजी नुसते ओटीपी सांगत होते.

थोरलीला एम.एस्सी. करायचीय, वनस्पती रोगशास्त्रात. सीईटीचा अभ्यास चालू आहे. इकडे नातेवाइकांनी स्थळं सुचवायला सुरुवात केलीय. चांगली माणसं आहेत, वाईट हेतू कुणाचा नाही. तरी मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलंय की एम.एस्सी.चा प्रवेश होऊन तिचं बस्तान बसेपर्यंत हा विषय काढायचा नाही. जाऊ गप्प बसली, भाऊजींनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "मोठीचं बरोबर आहे."

नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चअखेर संपतेय. नव्या दाखल्यासाठी सोमवारी सेतूत जाणार आहे.