रिबिल्ड इंडिका आणि पहिला सेल्फ

इंजिन रिबिल्ड केलं म्हटलं की लोक विचारतात पिस्टन कुठले, रिंगा कुठल्या, क्रँक ग्राइंड केला का, पण परत बसवून पहिल्यांदा चालू करताना नेमकं काय केलं हे कुणीच विचारत नाही. आणि माझं तर मत असं झालंय की लेथवाल्याने कितीही मस्त काम केलेलं असो, त्याची माती करायला पहिले दहा-पंधरा सेकंद पुरतात.

गाडी बाबांची, इंडिका डीएलएस, 1405 सीसी, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, डिझेल पंपाला चालू राहायला एक वायर लागते तेवढंच काय ते इलेक्ट्रॉनिक. दिल्लीत असती तर डिझेल म्हणून 10 वर्षांतच घरी बसली असती, इथे गोव्यात 15 वर्षांनी पासिंग करून पुढची 5 वर्षं मिळाली, म्हणून बाबा म्हणाले विकायची नाही. पण ऑइल प्यायला लागली होती आणि डिपस्टिक वर काढली की भोकातून फस् फस् धूर, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय), म्हणजे खर्च. पेडण्याहून म्हापशाला करासवाड्याच्या एका गॅरेजमध्ये दिली, बोअर करून 0.50 मिमीचे ओव्हरसाइज पिस्टन टाकले, हेडचं काम झालं, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला जाऊन आले. हा भाग सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे सोडतो.

बसवायच्या दिवशी पाऊस असा की पत्र्याच्या शेडखाली एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. चेनकुप्पीला इंजिन टांगलं, खाली गिअरबॉक्स जॅकवर, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट काही क्लच प्लेटमध्ये जाईना. दोन बोटांची फट राहिली होती. गॅरेजमधला पोरगा म्हणाला बोल्ट लावूया, आवळले की आपोआप ओढून घेईल. मेस्त, म्हणजे गॅरेजचा मिस्त्री, त्याच्यावर असा खेकसला की विचारू नका, कारण तसं ओढलं की गिअरबॉक्सचं सगळं वजन प्लेटच्या मधल्या भागावर येतं, प्लेट वाकते नाहीतर हाउसिंगचा कान तुटतो. मग पोराने क्रँकच्या नटाला गोटीपाना लावून इंजिन अगदी हळू फिरवलं, मेस्ताने गिअरबॉक्स मांडीवर घेतल्यासारखा हलवला आणि दाते जुळल्याबरोबर तो स्वतःच आत सरकला. खट्ट. बोल्ट त्यानंतर.

टायमिंग बेल्ट लावल्यावर हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारायचे आणि खुणा परत बघायच्या, दोनच का तर क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो आणि सगळ्या खुणा परत समोर येतात. मधे कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, वॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. आमचं कुठे अडलं नाही. माउंटिंगचा मागचा बोल्ट सोडून, त्याला पहार लागली.

आता मुख्य गोष्ट. मी चावी घेऊन बसायला निघालो तर मेस्त म्हणाला, "राव रे पात्रांव, खंय धांवता?" (थांब रे, कुठे पळतोस?) त्याने पंपावरच्या, डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवलेली आणि चारही हीटर प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) बाहेर. म्हणजे डिझेल बंद आणि कॉम्प्रेशन पण नाही, इंजिन नुसतंच फिरणार. नवीन बेअरिंगला बसवताना लावलेलं ऑइल असतं पण ते पुसल्यासारखंच असतं, गॅलऱ्या (ऑइलच्या आतल्या वाटा) आणि नवीन ऑइल फिल्टर पूर्ण रिकामे, ऑइल पंपाने ते सगळं भरून वरपर्यंत चढवेपर्यंत बेअरिंगवर भार यायलाच नको. अशा डिझेलला कॉम्प्रेशन रेशो 20 च्या वर असतो, प्लग बसवलेले असते तर सेल्फला पण जड गेलं असतं. थोडा सेल्फ मारायचा, थांबायचं, सेल्फ गार होऊ द्यायचा, परत मारायचा. प्लगच्या भोकांतून फुर्र फुर्र हवा, आणि मी नुसता डॅशवरच्या लाल ऑइलच्या दिव्याकडे बघतोय. तो विझला तेव्हा बाबा मागून म्हणाले झालं ना, करा चालू.

नाही झालं, अजून एअर काढायची होती. रोटरी डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच, त्यामुळे तो कोरडा फिरवायचा नाही. म्हणून पहिला सेल्फ मारायच्या आधीच डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून कडक होईपर्यंत डिझेल भरलं होतं. आता हीटर प्लग बसवले, वायर जोडली, नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ. आधी फेस, मग फेसाळ डिझेल, मग नुसतं डिझेल. तेव्हा नट आवळायचे. इथे एक गंभीर सांगतो, बोटाने चाचपून बघू नका, नोझल 100 बारच्या वर उघडतो आणि ते डिझेल कातडीतून सरळ आत घुसतं, दिसायला टाचणीएवढं भोक आणि जावं लागतं ऑपरेशनला.

आणि एअर इनटेकचा पाइप काढून शेजारी एक जाड फळी ठेवली होती. बाबांना कळेना फळी कशाला. डिझेल इंजिनाला काही कारणाने स्वतःचंच ऑइल जाळायची संधी मिळाली तर चावी काढली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो, मग हवा बंद करणं हाच उपाय, फळी दाबून धरायची. हात नाही लावायचा, फळीच. कामाला नाही आली, पण पोराला तिथेच उभं केलं होतं.

हीटरचा पिवळा दिवा गेला, सेल्फ मारला आणि लगेच पकडलं! पांढरा धूर एवढा की शेड दिसेना, मॅनिफोल्डवर लागलेलं ऑइल जळायचा वास, बाबा टाळ्या वाजवायच्या बेतात आणि इंजिन भुस्स करून बंद. परत चालू, परत तसंच. मला वाटलं पंप गेला, त्याचं कॅलिब्रेशनचं बिल अजून खिशात होतं. मेस्ताने काय केलं, डिझेल फिल्टर आणि पंपाच्या मधला काळा रबरी पाइप काढून त्याजागी पारदर्शक प्लास्टिकचा पाइप लावला आणि म्हणाला आता बघा. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, फिल्टरकडून येतायत. म्हणजे हवा डिझेल फिल्टरच्या अलीकडून, टाकीच्या बाजूने येतेय. तिथला जुना पाइप क्लिपच्या खाली फाटलेला, डिझेल बाहेर गळत नव्हतं कारण तिथे पंप ओढतो, ढकलत नाही, म्हणून हवाच आत जायची. हजारोंच्या कामात तो एवढासा पाइप बदलायचं कुणाच्या यादीतच नव्हतं. नवीन लावला, बुडबुडे संपले, इंजिन टकटक करत राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर काहीजण तासभर आयडलवर ठेवतात, ते मेस्ताला अजिबात मान्य नाही. रिंगा बोअरला बसायला मागून गॅसचा दाब लागतो आणि तो लोडवर मिळतो, नुसतं आयडलवर ठेवलं तर बोअर गुळगुळीत होतो आणि गाडी परत ऑइल प्यायला लागते. त्यामुळे गळती बघितली, एसीचा हीटर फुल करून कूलंटची एअर काढली, रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत थांबलो आणि सरळ हायवेला. एकच स्पीड धरायचा नाही, वाढवायचा, सोडायचा, वाढवायचा. धारगळ, पेडणे करत महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत गेलो, सिंधुदुर्गातल्या गाड्यांची तिथल्या पंपावर नेहमीसारखी लाइन, आपलं डिझेल त्यांना स्वस्त पडतं ना. आम्ही पण टाकी भरली.

500 किलोमीटरला ऑइल बदललं, काळं तर होतंच, डिझेलचं ऑइल लगेच काळं होतं, चमचमणारा चुरा मात्र नाही. डिपस्टिकच्या भोकातला धूर बंद. टॅपेट कव्हरच्या कडेला थोडं ऑइल पाझरतंय, ते पॅकिंग चवथीनंतर बदलायचंय, कारण आईने आधीच सांगून ठेवलंय की माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान यावेळी रिक्षाने आणायचं नाही. आंबोली घाट अजून चढवलेली नाही, मेस्त म्हणतो हजार होऊ देत.