मानेच्या हालचालीवर चालणारा माउस : आमची वाटचाल

जळगावात आमचं मूळ काम संगणक दुरुस्ती आणि सीसीटीव्ही बसवण्याचं. कॅमेऱ्याचा कोन, उजेड, वायरिंग हे रोजचंच. त्यातूनच हातपाय न चालणाऱ्यांसाठी कॅमेऱ्यावर चालणारा माउस बसवून देणं सुरू झालं. यात कॅमेरा मानेची हालचाल टिपतो आणि स्क्रीनवरचा पॉइंटर तसाच हलतो. आता धुळे, नंदुरबार, भुसावळ, चोपडा भागात घरी जाऊन आम्ही हे करतो.

सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही घेत नाही, कारण ते फुकट मिळतं. बोस्टन कॉलेजात मार्ग्रिट बेटके आणि जेम्स गिप्स यांनी बनवलेला ‘कॅमेरा माउस’ विंडोजवर चालतो, ‘ईव्हायाकॅम’ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर लिनक्सवरही. 640 बाय 480 चा, सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं) देणारा साधा वेबकॅम पुरतो. महाग कॅमेरा घेऊच नका. खरं काम बसवण्यात आहे, मेहनताना त्याचाच.

आधी बैठक. डोकं डुलत असेल तर पॉइंटर कधीच थांबणार नाही. डोक्याचा आधार आवळला तर मान वळणार नाही. स्क्रीन डोळ्यांपासून 60 ते 70 सेंटीमीटरवर, कॅमेरा मधोमध. माणूस कुशीवर असेल तर कॅमेराही तेवढाच तिरपा करावा लागतो, कारण चेहरा आपोआप शोधणारी सॉफ्टवेअर आडव्या चेहऱ्याला चुकतात.

मग उजेड. बहुतेक तक्रारी इथल्याच. पाठीमागे उघडी खिडकी असली की चेहरा काळा पडतो. ट्यूबच्या खाली पंखा असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावरून फिरते आणि पॉइंटर थरथरतो. वेबकॅमची दिव्याची लुकलुक टाळणारी सेटिंग 60 हर्ट्झवर असेल तर ती 50 वर आणा, आपली वीज 50 ची आहे. उजेड कमी पडला की कॅमेरा फ्रेम कमी करतो आणि पॉइंटर मानेच्या मागे रेंगाळतो. समोरच्या भिंतीवर बल्ब रोखला की हे थांबतं. भारनियमनासाठी तो बल्ब इन्व्हर्टरवरच घ्यावा.

कॅमेरा माउसला चेहऱ्यावरचा एक बिंदू दाखवावा लागतो. नाकाचा शेंडा उत्तम, मान वळली की तोच सर्वांत जास्त सरकतो. पण मे महिन्यात घामाने नाक चमकतं आणि बिंदू गालावर घसरतो. तेव्हा कपाळावर गडद टिकली लावून ती धरायची. कपाळ कमी सरकतं, म्हणून पॉइंटरचा वेग वाढवायचा. आडवा आणि उभा वेग वेगवेगळा ठेवा. पुष्कळांना मान वळवणं जमतं, खालीवर करणं जड जातं. क्लिकसाठी पॉइंटर एका जागी थांबवायचा. सुरुवातीला दीड-दोन सेकंद द्या. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) अनेकांच्या मानेला झटके बसतात, तिथे पॉइंटरची हालचाल मऊ करणारी सेटिंग वाढवायची.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही स्क्रीनवर मोठ्या चौकोनांचा तक्ता करून देतो, चौकोनावर क्लिक केलं की त्यातलं वाक्य ऐकू येतं. ‘माले पानी दे’ अशी अहिराणी वाक्यं घरच्यांच्याच आवाजात भरतो. यंत्राचा मराठी आवाज ती परक्यासारखी वाचतो.

मोटर न्यूरॉनच्या आजारात (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जातात) मानही हळूहळू थांबते, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. पुढे डोळ्यांची हालचाल टिपणारं इन्फ्रारेड यंत्र लागतं, ते साध्या वेबकॅमपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून मान चालते आहे तोवरच तो तक्ता पाठ करून घ्या. यंत्र बदललं तरी तक्ता तोच ठेवता येतो.