तुम्ही विचारलेत म्हणून: बुरशीसाठी फुफ्फुस कापायचे?

मी छातीच्या शस्त्रक्रिया करतो. रुग्णाचे नातेवाईक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, बुरशीच आहे ना? मग औषधाने का जात नाही?"

पुष्कळदा औषधाने जातेही. परंतु औषध रक्तावाटे जाते, आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे तेही पोहोचत नाही. क्षयरोग बरा झाल्यावर फुफ्फुसात कधी कधी पोकळी उरते. तिच्यात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढून तंतू, श्लेष्मा आणि मृत पेशींचा गोळा तयार होतो. सीटी स्कॅनमध्ये त्याच्यावर हवेची चंद्रकोर दिसते आणि रुग्णाला पालथे झोपवले की गोळा अनेकदा जागा बदलतो. गोळ्याला रक्तपुरवठा नसतो, पोकळीच्या भिंतीत मात्र फुगलेल्या धमन्यांचे जाळे असते. खोकल्यातून रक्त पडते ते तिथून. असा मोठा रक्तस्राव झाला की माणूस बहुधा रक्त गेल्याने नव्हे, तर श्वासनलिका भरून गुदमरून दगावतो. कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून ती धमनी बंद करता येते, पण गोळा जागेवरच राहिल्याने रक्त पुन्हा पडू शकते. म्हणून पोकळीसकट तो लोब, म्हणजे फुफ्फुसाचा तेवढा खंड, काढायचा.

म्युकर या दुसऱ्या बुरशीची तऱ्हा निराळी. ती बुरशी रक्तवाहिन्यांतच घुसते, गुठळ्या होतात आणि पुढचे फुफ्फुस मरते. आजार एकाच भागापुरता असेल आणि रुग्णाला सोसणार असेल, तर अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध आणि रक्तातील साखरेवर नियंत्रण चालू ठेवून मेलेला भाग लवकर काढावा, असे माझे मत आहे.

ही शस्त्रक्रिया सोपी नाही, हेही मी लपवत नाही. जुन्या क्षयामुळे फुफ्फुस बरगड्यांना असे चिकटलेले असते की ते सोडवण्यातच निम्मा वेळ जातो, आणि सोडवलेल्या प्रत्येक जागेतून रक्त झिरपते. उरलेले फुफ्फुस आक्रसलेले असल्यामुळे रिकामी जागा भरून निघत नाही, हवा गळत राहते, क्वचित पू होतो. त्यामुळे लोब काढल्यावर उरलेल्या फुफ्फुसावर रुग्णाचे भागेल का, हे श्वासाच्या चाचण्यांवरून आधी ठरवावे लागते. गोळा लहान असून काही त्रास नसेल, तर मी बहुधा नुसते लक्ष ठेवायला सांगतो. रक्त पडते आहे पण लोब काढणे झेपणार नाही, अशा काही रुग्णांत पोकळी बाहेरून उघडून गोळा तेवढा काढतो आणि ती जागा पाठीच्या किंवा छातीच्या स्नायूने भरतो.