जागा

सांगली-मिरज एसटीत दुपारी दीडच्या सुमाराला हमखास जागा मिळते. विश्रामबागेला एक मुलगा चढला आणि खिडकीशी बसला. कानात इअरफोन, पिशवीच्या तोंडातून ड्रमच्या काठ्यांची टोकं बाहेर. मिनिटभरात त्याची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर सुरू झाली. उजवं-डावं, उजवं-डावं, सरळ सोळाच्या पटीत. हात तयार होता, पण वाक्य काही संपत नव्हतं. पावसाळ्यात पत्र्यावर सर येते तसं. सर ऐकायला बरी वाटते, पण ती काही बोलत नाही.

याच बसमध्ये एके काळी याहून चांगला सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, ऐकायला मिळायचा. तिकिटाचा पंच आठवतो ना? कंडक्टर गर्दीतून सरकायचा तो कट्-कट्, कट्-कट् करत. मग शांतता, कारण कुणीतरी कनवटीची सुटी नाणी मोजतंय. मग एकच जाड कट्ट, तिकिटाला भोक. पुन्हा कट्-कट्. शेवटच्या बाकापर्यंत जाईतो दोनाचे तीन व्हायचे. लोखंडी दांडीवर पंच आपटला की आवाज पालटायचा, आणि झोपलेल्या म्हाताऱ्याच्या कानाशी आला की मऊ व्हायचा. लहानपणी प्रत्येकालाच तो पंच हवा असायचा. डॉक्टर-इंजिनियर वगैरे नंतर. आता मशिनमधून कागदाची पट्टी निघते, तिला ना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ना खाली, म्हणजे मधली बिनवजनाची मात्रा.

एक छोटा तुकडा, मग गप्प. तोच तुकडा जरा वाढवून, मग वेगळ्या आवाजात, मग हळू. जाझचा अमेरिकन ड्रमवादक मॅक्स रोच सोलोत दुसरं काय करतो? त्याच्या 1966 च्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’मध्ये तीन रचना नुसत्या ड्रमच्या आहेत. त्यातली ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ सोलो शिकणाऱ्यानं आधी घ्यावी. तीनाचा ठेका, एकवर उजव्या पायाचा बेस ड्रम, दोन आणि तीनवर डाव्या पायाचं हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी. धुम-चिक-चिक. याच्यावर हात एक वाक्य बोलतात आणि थांबतात. थांबले की खालचे पाय ऐकू येतात. मग हात त्याच वाक्याला उत्तर देतात.

सगळे जण चुकतात ते हातांपासून सुरुवात करून. पाय आधी. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, मिनिटाला 100 ठोक्यांवर लावायचा, पाच मिनिटं नुसते पाय चालवायचे आणि त्याच वेळी घरातल्या कुणाशी तरी बोलायचं. ‘आज भाजी कशाची?’ हे विचारताना चिक जागचा हलला नाही, तर काठ्या उचलाव्यात. तरी पहिली ट्रिपलेट, म्हणजे एका मात्रेत तीन ठोके, आली की तीनवरचा चिक डगमगतोच, कारण डावा पाय डाव्या हाताच्या मागं धावतो. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. दर बारला, म्हणजे तीन मात्रांच्या दर फेऱ्याला, हाताचा एकच ठोका, मग दोन, मग तीन, आणि तो ठोका दरवेळी वेगळ्या जागी. आणि दोन बार मिळून सहा मात्रा झाल्या म्हणून याला तबल्याचा दादरा ताल समजू नये. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते. इथं प्रत्येक बारचा ‘एक’ सारखाच जड.

हाच घोटाळा डेव्ह ब्रूबेक चौकडीच्या ‘टेक फाइव्ह’मध्ये होतो. 1959 च्या त्या ध्वनिमुद्रणात ड्रमवादक जो मोरेलो याचा सोलो चालू असतो तेव्हा खाली पियानो आपला ठेका सोडत नाही. पाच मात्रा, पण तीन-दोन अशा. एक आणि चारवर वजन. आपल्याकडचा तबल्यावर वाढलेला हात दोन बार जोडून दहा मात्रा करतो आणि नकळत झपताल धरतो. झपताल दोन-तीन-दोन-तीन. सगळं वजन एका मात्रेनं सरकतं आणि पियानोशी भांडण सुरू. मोरेलो मात्र किती कमी वाजवतो ते मोजण्यासारखं आहे. एक ठोका, आणि मग पियानोला बोलू देतो. ज्याला लय पक्की माहीत असते तोच इतका गप्प बसू शकतो.

मोठ्यांची नक्कल करावी का, हा प्रश्न मधूनमधून कुणीतरी काढतो. ड्रमवादक टोनी विल्यम्स 1963 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या चमूत गेला. त्याआधी त्यानं रोच, आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स या ड्रमवादकांसारखं हुबेहूब वाजवण्याचा ध्यास घेतला होता. पुढं तो कुणासारखा वाजवायचा? प्रश्न मिटला.

पण नक्कल कशाची करायची, यात गोम आहे. अख्खा सोलो पाठ करण्यात दोन महिने जातात आणि हातात एक पाठांतर उरतं, कुठंही न बसणारं. आठ बार पुरे. आधी काठ्या बाजूला ठेवून मूळ चाल गुणगुणायची, आणि सोलो चालू असताना ती मनात पुढं न्यायची. जाझची नेहमीची चाल 32 बारची असते, आठ-आठचे चार चरण, त्यातला तिसरा वेगळा. सोलो ऐकताना तिसरा चरण कधी सुरू झाला हे बोट वर करून दाखवता आलं पाहिजे. नाही आलं तर पुन्हा ऐका, सोलोचे ठोके लिहायला बसू नका.

मग तोंड. मिरजेच्या गल्लीत तबल्याच्या शिकवणीला बसलेलं सात वर्षांचं पोर आधी पढंत करतं, म्हणजे बोल तोंडानं म्हणतं, हात मागून येतो. ड्रमवाले हे विसरतात. जे तोंडात बसत नाही ते हातात बसत नाही. स्नेअरला, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमला, ‘ता’ म्हणा, फ्लोअर टॉमला, म्हणजे उजवीकडच्या मोठ्या ड्रमला, ‘धुम’ म्हणा, हवं ते म्हणा, पण म्हणा. म्हणताना श्वास घ्यावाच लागतो, आणि श्वासापाशीच वाक्य तुटतं. बसमधल्या त्या बोटांना श्वास लागत नव्हता, तिथंच सगळी गडबड होती.

ध्वनिमुद्रण हळू करून ऐकायची सोय आता फोनवर आहे. 200 ची लय 100 वर आणा, पण त्याखाली नको. त्याखाली लयीचं झुलणं मरतं आणि ठोके सुटे सुटे पडतात. शिवाय हळू केल्यावर झांजांचा आवाज पसरतो आणि बेस ड्रम त्यात बुडतो, म्हणून पायाचे ठोके मूळ वेगातच शोधावेत. कुठला ठोका कुठल्या हाताचा, हे ध्वनिमुद्रण सांगत नाही. ते जागेवरून ओळखायचं. स्नेअरनंतर लगेच फ्लोअर टॉम वाजला, तर उजवा हात मोकळा असणार, म्हणजे आधीचा ठोका डाव्याचा. पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, हा त्यासाठीच कामाचा. जोडठोक्यामुळं हात बदलतो.

एक वाक्य हाताशी आलं की त्याची मोडतोड करावी. तीच लय वेगळ्या ड्रमवर. तेच वाक्य अर्ध्या मात्रेनं उशिरा. मग त्यातले अर्धे ठोके काढून. तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण रिकामी मात्रा मोजताना हात शिवशिवतो आणि पुढचा ठोका लवकर पडतो. ताल पळतो तो बहुधा ठोक्यांत नाही, ठोक्यांच्या मधे. मेट्रोनोम दर बारला एकदाच वाजेल असा लावला की चोरी सापडते.

यानंतर सवाल-जवाब. चार बार साधा ठेका, चार बार सोलो, डाव्या पायाचं हाय-हॅट दोन आणि चारवर अखंड. चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन, म्हणून आपल्याकडच्या माणसाला हे घरच्यासारखं वाटतं. त्याचा हात लगेच तिहाईकडं, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याकडं, जातो. ‘तिट कत गदि गन धा’ या पाच मात्रा, मग एक रिकामी, असं तीनदा केलं की शेवटची रिकामी सोडून सतरा होतात. पहिल्या मात्रेला सुरू करावं, शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. उत्तम हिशेब. पण दर चार बारला हेच केलं तर तो रबरी शिक्का होतो, आणि त्यावर क्रॅश झांज वाजली की विसर्जनाची मिरवणूक. ताशाला ते शोभतं. जाझमध्ये वाक्य कितीदा तरी समेच्या अर्धी मात्रा अलीकडेच संपतं आणि ‘एक’ मोकळा सोडलेला असतो. सांगलीच्या श्रोत्याची मान मात्र समेला खाली येणारच. ती अधांतरी राहते, आणि वादकाकडं बघितलं जातं ते ‘चुकला वाटतं’ अशा नजरेनं. त्या नजरेला घाबरून क्रॅश मारला जातो, हे माझं ठाम मत आहे.

1968 मध्ये ड्रमवादक बडी रिच आणि तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. वेग या दोघांकडंही होता, म्हणून दोघांचा वेगच आधी उचलला जातो. एकदा फक्त ते कुठं थांबतात तेवढंच ऐकून बघावं.

मराठीत गवयाच्या छान हरकतीलाही जागाच म्हणतात. ‘काय जागा घेतली!’ आणि मोकळ्या मात्रेलाही जागा, बसमधल्या सीटलाही जागा. इंग्रजीतून शिकणाऱ्या पोरांना हे समजावून सांगताना तारांबळ उडते.

मिरज स्टँड आला. मुलगा उठला, काठ्या पिशवीत आत ढकलल्या. तो उतरला, दोन बायका चढल्या, कंडक्टरनं दोरी ओढली. टण, टण. दुसरी टण किंचित घाईत पडली.