गुगिसबर्गचं नाव मी का घेतो

बंदरांवर कुठेही बोललो की मी घानातल्या टाकोराडी बंदराचा आणि ते उभारणाऱ्या गव्हर्नर गुगिसबर्गचा दाखला देतो, आणि शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "वसाहतीच्या गव्हर्नराचं एवढं कौतुक कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॉर्डन गुगिसबर्ग कॅनडात जन्मला आणि ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. १९०२ पासून गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, मोजणीसाठी तो रानावनांतून हिंडला. १९१९ मध्ये तिथलाच गव्हर्नर झाला, तेव्हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. माझ्या मते पुढचं सगळं त्यातूनच आलं.

कोको पिकवण्यात हा देश तेव्हा जगात पहिला होता, मळे तिथल्याच शेतकऱ्यांचे. पण मोठं जहाज धक्क्याला लागेल असं खोल बंदर नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकून उभी राहायची. कोकोची पोती होड्यांत भरायची, वल्हेकऱ्यांनी फुटत्या लाटांतून होडी बाहेर काढायची, मग जहाजावरच्या क्रेनने माल वर ओढायचा. माणसांनासुद्धा खोक्यासारख्या पाळण्यात बसवून जहाजावरून होडीत सोडत. कोकणात पडावाने बोट गाठणाऱ्यांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे हाल कळतील. गुगिसबर्गने दहा वर्षांची विकास योजना आखली आणि टाकोराडीला समुद्रात बांध घालून बंदर उभारायला घेतलं. ते १९२८ मध्ये सुरू झालं. दरम्यान १९२३ मध्ये अक्रा ते कुमासी रेल्वे पूर्ण झाली, त्याच वर्षी अक्रातलं कोर्ले बू रुग्णालयही उघडलं.

पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते अक्राजवळच्या अचिमोटाचं विद्यालय. १९२७ मध्ये ते सुरू झालं. मुलं-मुली एकत्र, स्थानिक भाषांना अभ्यासक्रमात मान, आणि उपप्राचार्य आफ्रिकन, क्वेगिर अॅग्री. विद्यालयाच्या चिन्हावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत; सुरेल वाजवायचं तर दोन्ही लागतात, हे अॅग्रींचं सांगणं. स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा इथेच शिकले.

आता दुसरी बाजू. राज्य परक्यांचंच होतं. १९२५ च्या राज्यघटनेत लोकांनी निवडलेले सदस्य आले, पण बहुमत सरकारी सदस्यांचंच राहिलं. पारंपरिक राजांना झुकतं माप मिळालं म्हणून शहरांतले शिकलेले लोक संतापले, आणि ते रास्तच होतं. बंदर झालं ते कोको बाहेर नेण्यासाठी, हेही मी लपवत नाही.

मात्र १९३० मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला, तेव्हा त्याच्या थडग्यावर साधा स्मृतिशिलालेखही नव्हता. पुढे तो बसवला गोल्ड कोस्टच्या राजांनी आणि लोकांनी. कोर्ले बूला आज त्याचा पुतळाही आहे. ज्यांच्यावर त्याने राज्य केलं त्यांनीच हे केलं, म्हणून मी त्याचं नाव आदराने घेतो.